कर वाचवणे, टाळणे आणि चुकवणे: सीमेवरच्या दुकानदाराने रेषा कुठे धरावी

प्रश्न थोडक्यात असा आहे: "बेळगावच्या पश्चिमेला, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून आमचे पंप, पाइप आणि शेती अवजारांचे दुकान आहे. जीएसटीत कंपोझिशन (उलाढालीवर ठराविक टक्के कर भरून मोकळे होण्याची सवलत) घेतली आहे. निम्मी गिऱ्हाइके पलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातली. धंदा वाढतोय म्हणून बायकोच्या नावावर दुसरी फर्म काढा, मोठा माल पाठवताना बिले ५० हजारांच्या आत पाडा, नवी गाडी कोल्हापूरच्या पत्त्यावर घ्या, असे भावकीतले सांगतात. हे सगळे म्हणे कर टाळणे आहे, चुकवणे नव्हे, आणि टाळणे कायद्याला मान्य आहे. खरे काय?"

मी विक्रीकराच्या काळापासून बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या व्यापाऱ्यांची करप्रकरणे पाहतो. तुमच्या भावकीचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि माणसे अडचणीत येतात ती बहुतेक अशा अर्ध्या खऱ्या सल्ल्यामुळेच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कर कमी भरला एवढ्यावरून कोणी गुन्हेगार ठरत नाही. अधिकारी, अपिलाचे प्राधिकरण आणि कोर्ट शेवटी एकच गोष्ट पाहतात: प्रत्यक्षात जे घडले तेच कागदावर आहे का? व्यवहार खरा, कागद खरा आणि कायद्यानेच दिलेली सवलत घेतली, तर तो कर वाचवणे झाला. तुमची कंपोझिशन ही अशीच सवलत आहे. शेतजमीन विकून दोन वर्षांच्या आत दुसरी शेतजमीन घेतली की भांडवली नफ्यावर सूट मिळते, तीही अशीच. त्यात लाजण्यासारखे किंवा लपवण्यासारखे काही नाही. उलट, विक्री झाली पण वहीत आली नाही, कच्च्या बिलावर माल गेला, माल न येता नुसते बिल घेऊन इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) उचलले, तर ते चुकवणे. तिथे चर्चेला जागा नाही.

घोळ होतो तो मधल्या पट्ट्यात. कागद खोटा नसतो, सह्या खऱ्या असतात, पण सगळी मांडणी फक्त करासाठी केलेली असते. यावर न्यायालयांचे मत काळानुसार सरकत आले आहे. १९३५ साली इंग्लंडमध्ये ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरचे प्रकरण गाजले. त्याने आपल्या माळ्याला पगाराऐवजी करारपत्र करून वार्षिक रक्कम द्यायला सुरुवात केली, कारण तशी रक्कम त्याच्या करपात्र उत्पन्नातून वजा होत होती. हाउस ऑफ लॉर्ड्सने ड्यूकच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे १९८५ च्या मॅकडॉवेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठणकावून सांगितले की कायद्याच्या चौकटीतले करनियोजन चालेल, पण दिखाऊ युक्त्या करनियोजनात मोडत नाहीत. पुढे २००३ च्या आझादी बचाओ आंदोलन खटल्यात आणि जानेवारी २०१२ च्या व्होडाफोन निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की मॅकडॉवेलचा अर्थ प्रत्येक करबचत बेकायदा असा होत नाही. व्यवहारात काही जीव आहे की तो पोकळ आहे, हे बघायचे. १ एप्रिल २०१७ पासून आयकरात टाळण्याविरुद्धचे सर्वसाधारण नियम लागू झाले. ते ३ कोटींपेक्षा जास्त करलाभाच्या व्यवहारांसाठी आहेत, म्हणजे तुमच्या-आमच्या दुकानाला ते थेट लागत नाहीत. पण दिखाऊ युक्तीचा आक्षेप घ्यायला अधिकाऱ्याला त्या नियमांची गरज नसते. वस्तुस्थिती काय होती हे त्याने दाखवले की पुरे.

आता तुमच्या बायकोच्या नावाची फर्म. तुमच्या तिन्ही गोष्टींतली सर्वांत नाजूक हीच, म्हणून हिच्यावर जास्त लिहितो.

वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला कर्नाटकात दीड कोटी वार्षिक उलाढालीपर्यंत कंपोझिशन मिळते आणि १ टक्का कर भरून सुटका होते. ही मर्यादा एका पॅनवरच्या सगळ्या नोंदण्यांची मिळून धरतात. बायकोचे पॅन वेगळे, म्हणून दुसरी फर्म कागदोपत्री स्वतंत्र. यात मुळात बेकायदा काही नाही. आमच्या भागात कितीतरी बायका स्वतःच्या हिमतीवर दुकाने चालवतात आणि त्यांची नोंदणी त्यांच्याच नावावर असते. पण तुमच्या बाबतीत अधिकारी दुकानात आला तर काय विचारेल, ते डोळ्यांसमोर आणा. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला मालाची ऑर्डर कोणाच्या फोनवरून जाते? दोन फर्मचा माल एकाच मांडणीवर आहे की वेगळा? गोदामाची किल्ली कोणाकडे? बायकोच्या फर्मच्या खात्याचे चेकबुक कोण वापरते, त्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर कोणाचा? गल्ल्यावरचा क्यूआर कोड कोणत्या खात्याचा? गिऱ्हाईक एकच, त्याला सकाळी तुमच्या फर्मचे आणि दुपारी बायकोच्या फर्मचे बिल का?

या प्रश्नांची उत्तरे ताई स्वतः, तुमच्याकडे न बघता देऊ शकत असतील, तर फर्म खरी आहे आणि खुशाल काढा. समजा पंप-पाइप तुम्ही पाहता आणि त्या बी-बियाणे, फवारणी यंत्रे अशी वेगळी बाजू सांभाळणार आहेत, भांडवल त्यांच्या खात्यातून जाणार आहे. मग मी स्वतः तुम्हाला फर्म काढायला सांगेन. पण त्यांना फक्त सहीपुरते बोलावणार असाल तर दोन्ही फर्मची उलाढाल एकत्र धरून मागच्या वर्षांचा कर, व्याज आणि दंड मागितला जाऊ शकतो. शिवाय नोटीस त्यांच्या नावाने येईल आणि जबाब त्यांना द्यावा लागेल. ज्या बाईने कधी खाते उघडून पाहिले नाही, तिला अधिकाऱ्यासमोर बसवून "हे बिल तुमचे का?" असे विचारले जाते तेव्हा घरावर काय वेळ येते, हे मी जवळून पाहिले आहे. दीड कोटीची मर्यादा ओलांडत असाल तर नियमित नोंदणीत या. इनपुट क्रेडिट मिळेल, मोठी गिऱ्हाइके येतील. विवरणपत्रांचा त्रास वाढतो हे खरे, पण तो त्रास पैशाने सोडवता येतो.

तुमच्या प्रश्नात तुम्हीच न पाहिलेला एक धोका आहे, आणि तो सीमेवरच्या दुकानदारालाच लागू होतो. कंपोझिशनवाल्याला दुसऱ्या राज्यात माल विकता येत नाही. दुसऱ्या राज्यातून आणता येतो, पण विकता येत नाही. आणि तुमची निम्मी गिऱ्हाइके चंदगडची! पण घाबरू नका, इथेही खरे काय घडले यावरच सगळे ठरते. १ ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यात स्पष्ट केले आहे की नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाला वस्तू विकली आणि बिलावर त्याचा पत्ता नसेल, तर पुरवठ्याचे ठिकाण विक्रेत्याचे ठिकाण धरायचे. बिलावर गिऱ्हाइकाच्या राज्याचे नाव लिहिले तरी तो पत्ता धरला जातो. म्हणजे पलीकडच्या शिनोळीचा शेतकरी काउंटरवर येऊन १२ हजारांचा पंप घेऊन स्वतःच्या टेम्पोत टाकून गेला आणि बिलावर त्याचा पत्ता नसेल, तर ती तुमच्या दुकानातली स्थानिक विक्री. यात तुम्ही काही चुकवले नाही. पण ८० हजारांचा संच तुम्ही स्वतः चंदगडला पोहोचवणार आणि बिलावर बेळगावजवळच्या हिंडलग्यातल्या कुणाचे तरी नाव-पत्ता टाकणार, तर तो सरळसरळ खोटा कागद झाला. त्यातून वाचते तरी काय? नियमित नोंदणी असती तर राज्यातल्या विक्रीवर सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा) मिळून जेवढा कर, तेवढाच बाहेरच्या विक्रीवर आयजीएसटी (आंतरराज्य). निम्मा धंदा पलीकडे असलेल्या माणसाने कंपोझिशनमध्ये राहू नये, हे माझे ठाम मत आहे.

बिले ५० हजारांच्या आत पाडण्याबद्दल. राज्याबाहेर जाणाऱ्या ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन काढायचा कागद) लागते. कर्नाटकात राज्यांतर्गतही ५० हजारच. महाराष्ट्रात मात्र राज्यांतर्गत मर्यादा १ लाख आहे, आणि इथेच आमचे लोक फसतात. कोल्हापूरचा व्यापारी सांगतो "लाखापर्यंत काही लागत नाही", आणि आमचा माणूस तेच धरून अलीकडच्या बाचीवरून पलीकडच्या शिनोळीला गाडी सोडतो. हद्द ओलांडली की ५० हजार, मग अंतर २ किलोमीटर असो वा २०० किलोमीटर. एका गिऱ्हाइकाने वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळी मागणी दिली आणि वेगवेगळी बिले झाली तर त्यात काही गैर नाही. पण एकच मागणी, एकच गाडी, एकाच वेळेची तीन बिले, तिन्ही ४८ ते ४९ हजारांची, लागोपाठच्या क्रमांकांची, हे रस्त्यावर गाडी तपासणाऱ्याच्या नजरेत पहिल्या मिनिटाला भरते. गाडी अडवली आणि मालक पुढे आला तर मालावरच्या कराच्या २०० टक्के दंड भरून माल सोडवावा लागतो. मालक पुढे आलाच नाही तर मालाच्या किमतीच्या ५० टक्के किंवा कराच्या २०० टक्के, यातले जे जास्त ते.

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छेच्या फाउंड्रीवाल्यांसाठी याच जागी एक गोष्ट सांगतो, कारण तुमचा प्रश्न वाचणाऱ्यांत तेही असतील. कास्टिंग मशिनिंगसाठी शिनोळीच्या शेडमध्ये पाठवायचे असते. विक्री नाही, माल आपलाच, परत येणार, म्हणून साध्या चिठ्ठीवर गाडी सुटते. नियम असा की एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जॉबवर्कला (आपल्या मालावर दुसऱ्याकडून काम करून घ्यायला) माल गेला तर किंमत कितीही असो, ई-वे बिल लागतेच. १० हजारांचे कास्टिंग असले तरी. सोबत डिलिव्हरी चलन हवे. त्यावर चलनाचा क्रमांक, तारीख, दोन्हीकडचे जीएसटी क्रमांक, एचएसएन (मालाचा वर्गीकरण क्रमांक), नग, वजन, किंमत आणि "जॉबवर्कसाठी" हा उल्लेख हवा. आणि तो कच्चा माल एका वर्षाच्या आत परत आला पाहिजे किंवा तिथून थेट पुढे गेला पाहिजे, नाहीतर पाठवला त्या दिवशीच विकला असे धरतात. यात कोणाची कर बुडवायची इच्छा नसते. पण चलनाशिवाय सापडलेल्या मालाच्या मालकाची इच्छा काय होती, हे अधिकाऱ्याला कसे कळावे?

कायदा चुकीला आणि चुकवण्याला सारखे वागवत नाही, हे मात्र व्यापाऱ्यांना कोणी सांगत नाही. ई-वे बिलात पिनकोड चुकला, गाडीच्या क्रमांकातला एखादा आकडा चुकला, नावाच्या स्पेलिंगमध्ये गडबड झाली, तर केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या १४ सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकानुसार केंद्राचे ५०० अधिक राज्याचे ५०० दंड, असा १ हजारात विषय संपतो. ते परिपत्रक ड्रायव्हरच्या कागदांत ठेवा. करनिर्धारणातही तेच. २०२४-२५ पासूनच्या वर्षांसाठी, फसवणुकीचा हेतू नसताना कर कमी भरला गेला आणि नोटीस येण्याआधी किंवा आल्यावर ६० दिवसांत व्याजासह भरला, तर सर्वसाधारणपणे दंड लागत नाही. फसवणूक, जाणूनबुजून खोटी माहिती किंवा दडवणूक सिद्ध झाली तर दंड कराइतकाच, म्हणजे १०० टक्के. आयकरातही उत्पन्न कमी दाखवले तर कराच्या ५० टक्के दंड आणि चुकीचे चित्र उभे केले तर २०० टक्के. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, हा फरक तसाच राहिला.

दडवणूक म्हणजे काय, याची जीएसटीतली व्याख्या नीट समजून घ्या. जे कळवणे कायद्याने बंधनकारक आहे ते न कळवणे, एवढीच. अधिकाऱ्याने लेखी विचारल्यावर माहिती न देणे हीदेखील दडवणूकच. गप्प बसलो म्हणजे काही खोटे बोललो नाही, हा बचाव तिथे चालत नाही. खानापूर-चंदगडच्या पट्ट्यातल्या काजूच्या खरेदीत हेच होते. शेतकऱ्याकडून कच्चा, न सोललेला काजू नोंदणीकृत व्यापाऱ्याने घेतला तर कर व्यापाऱ्याने रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने, भरायचा असतो. निपाणीच्या तंबाखूच्या पानांचेही तसेच. नियमित नोंदणीत हा कर क्रेडिट म्हणून परत मिळतो, म्हणजे खिशाला फारसा भार नाही. तरीही कित्येक जण ती खरेदी दाखवत नाहीत, कारण खरेदी दिसली की विक्रीही दिसते. तिथे नुसते न लिहिणे हेच चुकवणे ठरते.

शेती उत्पन्नाचे थोडक्यात. ते आयकरातून मुक्त आहे, आणि ज्यांचा ऊस कारखान्याला जातो, वजनाची पावती आणि बँकेत जमा बिल आहे, त्यांनी निर्धास्त दाखवावे. पण दुकानाची रोकड शेतीच्या नावावर घालायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. आपल्याकडे कुणाचा पलीकडे सातबारा, अलीकडे आरटीसी (कर्नाटकातला जमिनीचा उतारा). अधिकारी आरटीसीतल्या पिकाच्या नोंदी पाहतो, आणि कोरडवाहू ३ एकरांतून लाखांचे उत्पन्न निघत नाही हे त्यालाही कळते.

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, ते तुम्हाला आठवत असेल. दूध, भाजी विकणाऱ्यांनाही गेल्या, आणि त्यावर कर नसतो हे त्यांना माहीतही नव्हते. कितीतरी दुकानांत "फक्त रोख" अशा पाट्या लागल्या. पुढे नोंदणी करून घेणाऱ्यांकडून जुनी थकबाकी वसूल करणार नाही, असे मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले. माझा जीव तेव्हा त्या पाट्यांनी कळवळला. ज्याचा माल करमुक्त आहे त्याने क्यूआर कोड काढला, तर प्रामाणिक माणूस आपणहून संशयाच्या रांगेत जाऊन उभा राहतो. करमुक्त विक्रीची साधी रोजची नोंद वहीत ठेवली असती तर नोटिशीचे उत्तर एका पानात झाले असते.

उत्तरावरून आठवले. चुकवण्याचा आणखी एक प्रकार आमच्या टेबलावर रोज दिसतो, तो म्हणजे उत्तर चुकवणे. नोटिशीत विचारलेले असते: अमुक तारखेला अमुक गाडीतून गेलेला माल कोणाला विकला? आणि उत्तर येते: "आरोप निराधार असून आम्हाला मान्य नाहीत." दिवाणी प्रक्रिया संहितेत नियमच आहे की मोघम इन्कार चालत नाही, मुद्द्याला थेट उत्तर द्यावे लागते, आणि जे स्पष्टपणे नाकारले नाही ते मान्य केले असे धरता येते. करप्रकरणांना ती संहिता जशीच्या तशी लागू नाही, पण मोघम उत्तर वाचणाऱ्या माणसाच्या मनात तेच होते. समन्सवर जबाब देताना "आठवत नाही" हे खरोखर आठवत नसेल तेव्हाच म्हणा, आणि वही पाहून दोन दिवसांत कळवतो असे त्याच जबाबात लिहून घ्या. नोटीस पोर्टलवर आली की ती बजावली असे धरतात. भाषा कळली नाही म्हणून ती तशीच ठेवू नका. इंग्रजी असो, पंचायतीची कन्नड असो, कोणाकडून तरी वाचून घ्या. मुदत वाढवून मागता येते, पण मुदत संपण्याआधी.

गाडीचे राहिले. कर्नाटकचा गाडीवरचा आजीवन कर महाराष्ट्रापेक्षा जास्त पडतो, म्हणून बेळगावात कोल्हापूरच्या एमएच-०९ च्या गाड्या भरपूर दिसतात. त्यांतल्या बऱ्याच खऱ्या असतात. माणूस कोल्हापुरात राहतो, इकडे सासर आहे, कामाला येतो. त्यांना कोणी काही म्हणू शकत नाही. पण तुम्ही राहता इथे, गाडी उभी राहणार इथे, आणि पत्ता मेव्हण्याचा. मोटार वाहन कायद्याप्रमाणे दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर इथला क्रमांक घ्यावाच लागतो. त्या वेळी इथला कर भरावा लागतो, आणि तिकडचा परत मागायला कोल्हापूरच्या आरटीओत खेटे घालावे लागतात. विम्याच्या दाव्यात पत्त्याचा प्रश्न निघाला तर तो वेगळाच. सरळ बेळगावचा केए-२२ घ्या.

आता करायचे काय. या वर्षीच्या बिलांतून पलीकडे पोहोचवलेल्या मालाची बिले आधी बाजूला काढा. त्यांत इथला खोटा पत्ता घातलेली किती आहेत ते मोजा. तेवढा कर आणि त्यावर वर्षाला १८ टक्के दराने व्याज काढून डीआरसी-०३ या जीएसटीच्या फॉर्ममध्ये स्वतःहून भरा, नोटिशीची वाट पाहू नका. ज्या दिवशी पलीकडची विक्री सुरू झाली तिथपासून कंपोझिशन सोडल्याचे कळवावे लागेल. तो अर्ज आणि दुकानात शिल्लक असलेल्या मालावरच्या क्रेडिटचा फॉर्म मुदतीत गेला पाहिजे, म्हणून शिल्लक मालाची यादी आणि खरेदीची मूळ बिले घेऊनच सल्लागाराकडे जा. ताईंच्या फर्मचा विचार त्यानंतर करा, आणि करायचा असेल तर पहिल्या दिवसापासून त्यांना सोबत घेऊन बसा.